गॅस टर्बाइनमधील इंधन नोझल: एकाच कामासाठी इतके प्रकार कशाला?

तुषारकण (धागाकर्ता):

गेली बरीच वर्षे मी गॅस टर्बाइनच्या देखभालीत आहे. मागच्या महिन्यात एका नव्या सहकाऱ्याने उघडलेल्या इंजिनाचे नोझल हातात फिरवत विचारले, "इंधन आत ढकलायचेच असेल तर नळीच्या टोकाला एक भोक पुरत नाही का?" मी तेव्हा चहाच्या घाईत थातूरमातूर उत्तर दिले आणि नंतर मलाच ते खटकले. म्हणून हा धागा.

मुळात द्रव इंधन पेटत नाही, पेटते ती त्याची वाफ. ज्वलनकक्षात हवा थांबायला तयार नसते. इंधन आत शिरल्यापासून त्याची वाफ होऊन, हवेत मिसळून, जळून संपेपर्यंत सगळे मिळून काही मिलिसेकंदच हाती असतात. त्यामुळे थेंब जितका बारीक तितके बरे. १०० मायक्रॉनच्या एका थेंबाचे ५० मायक्रॉनचे आठ थेंब केले की एकूण पृष्ठभाग दुप्पट होतो आणि प्रत्येक थेंबाचे आयुष्य साधारण चौथाईवर येते, कारण थेंब आटायला लागणारा वेळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो.

हे काम करणारे सर्वांत साधे नोझल म्हणजे सिम्प्लेक्स. त्यात इंधन एका चिमुकल्या गोल कोठडीत स्पर्शरेषेने, म्हणजे कडेकडेने शिरते, तिथे गरगर फिरते आणि मधल्या भोकातून बाहेर पडताना पोकळ शंकूच्या आकाराचा पातळ पडदा तयार करते. भोकाच्या मध्यभागी इंधन नसतेच, तिथे हवेचा गाभा असतो. हा पडदा पुढे फाटतो आणि त्याचे थेंब होतात.

दाब अपुरा असला की हा फवारा उमलत नाही. आधी नुसते ठिबकते, मग पेन्सिलीसारखी पिळलेली धार येते, मग कांद्यासारखा फुगीर बुडबुडा, मग ट्यूलिपच्या फुलासारखा आकार आणि सर्वांत शेवटी खरा शंकू. खरी अडचण यापुढची आहे. भोकातून जाणारा प्रवाह दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाह दुप्पट हवा असेल तर दाब चौपट करावा लागतो. इंजिन सुरू करताना लागणारे इंधन आणि पूर्ण शक्तीला लागणारे इंधन यांत वीसपट फरक धरला, तर दाबात चारशेपट फरक पडेल. फवारा जेमतेम उमलायला ३ बार लागतात असे हिशेबापुरते मानले, तरी वरच्या टोकाला १,२०० बार लागतील. असा पंप विमानावर कोणी बसवणार नाही. नोझलचे बाकीचे बहुतेक प्रकार या एका वर्गमूळातून सुटण्याच्या धडपडीतून निघाले आहेत, असे माझे मत आहे. ज्यांचे वेगळे मत असेल त्यांनी जरूर मांडावे.

शिकाऊ_एएमई:

काका, धागा उत्तम आहे. आम्हाला वर्गात ड्युप्लेक्स नोझल "दोन भोके असलेले" एवढेच सांगून पुढचा धडा घेतला. दोन भोकांनी वर्गमूळ कसे चुकवले जाते, हे कृपया सविस्तर सांगावे.

तुषारकण:

ड्युप्लेक्स म्हणजे एकात एक बसवलेली दोन सिम्प्लेक्स नोझले समजा. आतले भोक लहान, त्याला प्रायमरी म्हणतात; त्याच्याभोवती कड्यासारखे मोठे सेकंडरी. सुरुवातीला सगळे इंधन लहान भोकातून जाते, त्यामुळे थोड्या प्रवाहालाही पुरेसा दाब मिळतो. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की स्प्रिंगची झडप, म्हणजे फ्लो डिव्हायडर, उघडते आणि सेकंडरीचा मार्ग मोकळा होतो. वर्गमूळाचा नियम दोन्ही भोकांना लागू आहेच. फक्त प्रत्येकाच्या वाट्याला प्रवाहाचा लहान पट्टा येतो.

यात एक खोड आहे. झडप नुकतीच उघडते तेव्हा सेकंडरीवर दाब अगदी कमी असतो, त्यामुळे त्या थोड्या पट्ट्यात थेंब जाड पडतात. इंजिन हळूहळू वर नेताना तुम्हाला तो क्षण जाणवणारही नाही, पण नेमक्या त्याच शक्तीवर तासन्‌तास चालवले तर काजळी वाढते.

ड्युप्लेक्स रुळण्यापूर्वी ब्रिटनमध्ये लबक नोझल वापरात होते. त्यात दाबाबरोबर सरकणारा स्प्रिंगवरचा दट्ट्या भोकाचा आकारच बदलत असे. कल्पना सुरेख होती, पण इंजिनातील सगळी नोझले एकसारखी जुळवणे कठीण जाई आणि बारीकशा घाणीने दट्ट्या अडकत असे. जास्तीचे इंधन कोठडीतूनच परत टाकीकडे नेणारे स्पिल प्रकारचे नोझलही असते. त्यात फिरण्याचा वेग कायम राहतो, पण फवाऱ्याचा कोन प्रवाहाबरोबर बदलतो आणि परतणारे इंधन तापलेले असते. ते विमानात फारसे टिकले नाही.

द्राक्षबाग:

मी इंजिनांतला माणूस नाही. शिक्षण मेकॅनिकलचे झाले असले तरी नाशिककडे वडिलोपार्जित बाग सांभाळतो. वरचे सिम्प्लेक्सचे वर्णन वाचून हसू आले, कारण आमच्या पाठीवरच्या फवारणी पंपाला जे पोकळ शंकूचे नोझल असते ते तंतोतंत हेच आहे: पितळी टोपी, आत तिरक्या खाचांची चकती आणि मध्ये भोक. पंपाचा दाब उतरला की फवारा आधी कोमेजतो आणि मग धार लागते, हे आम्ही रोज पाहतो. मात्र मोठ्या बागेला आता ट्रॅक्टरवरचा ब्लोअर वापरतात. त्यात औषधाच्या दाबापेक्षा पंख्याची हवा जास्त काम करते. टर्बाइनमध्ये तर हवा मुबलक आहे. मग तिथे हवेलाच थेंब फोडायला का लावत नाहीत?

तुषारकण:

लावतात, आणि तुमचा ब्लोअर हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. त्याला एअरब्लास्ट नोझल म्हणतात. ज्वलनकक्षाच्या भिंतीच्या आतबाहेर दाबात जो तीन-चार टक्क्यांचा फरक असतो, तेवढ्यावर हवा नोझलमधून सेकंदाला शंभर मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने निघते. इंधन कमी दाबाने एका गोल ओठावर पातळ पसरवतात आणि ओठाच्या दोन्ही बाजूंनी धावणारी हवा त्या पडद्याच्या चिंध्या करते. इंधनाची गती इथे दुय्यम ठरते, त्यामुळे वर्गमूळाची कटकट बरीच मिटते. शिवाय थेंब जन्मतःच हवेत मिसळलेले असल्याने काजळी आणि धूर कमी होतो. ड्युप्लेक्सच्या फवाऱ्याच्या गाभ्यात इंधनाचे जे दाट ढग राहतात, ते इथे राहत नाहीत.

अडचण सुरुवातीला येते. इंजिन स्टार्टरवर हळू फिरत असताना हवेला वेगच नसतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी मधोमध एक लहान सिम्प्लेक्स ठेवतात, ते इंजिन पेटवून देते आणि पुढे एअरब्लास्ट भार उचलते. बाहेरून दाबाची वेगळी हवा आणून केलेला प्रकार म्हणजे एअर-असिस्ट. वीजनिर्मितीच्या यंत्रांत ज्याला ॲटमायझिंग एअर म्हणतात ती हीच. विमानात ती सोय कोण वाहून नेणार!

जुना_किरण:

हवाई दलातून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. इथे सगळे फवाऱ्यावरच बोलत आहेत, म्हणून फवारा नसलेल्या दोन प्रकारांची आठवण करून देतो.

पहिला प्रकार व्हेपोरायझरचा. ज्यांच्या घरी पंपाचा रॉकेलचा स्टोव्ह होता त्यांना हा चटकन कळेल. त्या स्टोव्हमध्ये रॉकेल तापलेल्या नळीतून जाऊन वाफ होऊनच बर्नरवर येते, म्हणून तर आधी स्पिरिट जाळून बर्नर तापवावा लागे. आमच्या किरण मार्क १ विमानाच्या व्हायपर इंजिनात ज्वाळेतच वाकलेल्या नळ्या उभ्या असत. त्यांत इंधन आणि थोडी हवा सोडली की नळीतून दाट मिश्रण बाहेर पडून जळे, आणि तीच ज्वाळा नळीला तापवी. इंधनाला मोठा दाब लागत नाही आणि धूर कमी होतो. कॉन्कॉर्डच्या ऑलिम्पस ५९३ मध्ये आणि टॉर्नेडोच्या आरबी१९९ मध्येही व्हेपोरायझरच होते. स्टोव्हला जसे स्पिरिट, तशी यांना सुरू करण्यासाठी वेगळी फवारा नोझले लागतात. आतून वाहणारे इंधनच नळीला थंड ठेवते, त्यामुळे एखाद्या नळीला ते कमी पडले की ती जळालीच.

गंमत अशी की ब्रिटनमध्ये जेट इंजिन घडवणारे फ्रँक व्हिटल यांनी सुरुवात वाफेपासूनच केली होती. १२ एप्रिल १९३७ रोजी रग्बी येथे त्यांचे पहिले इंजिन फिरले तेव्हा झडप बंद केल्यावरही ते वेग घेत राहिले आणि आसपासची माणसे पळाली. गळून ज्वलनकक्षात साचलेले इंधन जळत होते. वाफेच्या पद्धतीने त्यांना पुढे तीन वर्षे छळले. १९४० मध्ये शेल कंपनीच्या आयझॅक लबक यांचा फवारा बर्नर मिळाल्यावर गाडी रुळावर आली. वर धागाकर्त्यांनी ज्या लबक नोझलचा उल्लेख केला, ते नाव याच गृहस्थांचे आहे. आज प्रत्येक इंजिनाच्या ज्वलनकक्षाच्या तळाशी निचऱ्याची झडप असते. तिच्याकडे पाहिले की मला रग्बीची ती पळापळ आठवते.

दुसरा प्रकार चेतक आणि चीता हेलिकॉप्टरच्या आर्टूस्ट इंजिनातला. मूळ फ्रेंच टर्बोमेका कंपनीचे हे इंजिन आपल्याकडे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवले. यात नोझलच नाही. इंधन पोकळ शाफ्टमधून जाते आणि शाफ्टवरच बसवलेल्या चाकाच्या कडेच्या छिद्रांतून चहूकडे भिरकावले जाते. शाफ्ट मिनिटाला ३३,५०० फेरे घेत असल्यामुळे पंपाचा दाब किरकोळ असला तरी थेंब बारीक होतात. छिद्रे मोठी असल्याने ती तुंबत नाहीत, आणि चाक फिरतेच असल्याने इंधन सगळीकडे सारखे पडते. मोठ्या इंजिनांत हे जमत नाही, कारण त्यांचे शाफ्ट इतके वेगाने फिरत नाहीत. सुरू करताना इथेही वेगळी नोझले लागतातच, कारण चाकाला वेग येईपर्यंत ते नुसते गळते.

स्पॅनरवाला:

जुना_किरण यांनी स्टोव्हचा विषय काढला म्हणून स्टोव्हच्या पिनेचा काढतो.

माझे काम प्रामुख्याने किंग एअरसारख्या विमानांच्या पीटी६ इंजिनांवर झाले. त्याच्या उलट्या प्रवाहाच्या ज्वलनकक्षाभोवती १४ साधी सिम्प्लेक्स नोझले असतात. एका नोझलमध्ये दोन भोके करण्याऐवजी इथे नोझलांचेच दोन गट केले आहेत. एक गट आधी पेटतो, दुसरा वेग आल्यावर. ठरावीक तासांनी नोझले काढून बाकावर तपासावी लागतात आणि हे काम कंटाळवाणे वाटले तरी इंजिनाचा खर्च ठरवणारे आहे.

बाकावर जेट इंधन वापरत नाहीत. तपासणीसाठी ठरवलेले रॉकेलसारख्या वासाचे पातळ द्रव असते, त्याची घनता आणि चिकटपणा बांधून दिलेला असतो. नोझल उलटे टांगून, काळी पार्श्वभूमी आणि बाजूने उजेड ठेवून आधी कमी दाबाला पाहायचे. भोकाभोवती थेंब लोंबतो का? मग दाब वाढवून शंकूभोवती नजर फिरवायची. पडदा सगळीकडून सारखा दिसला पाहिजे. एखाद्या बाजूला पांढरी दाट रेघ दिसली, किंवा पडद्याला खिडकी पडल्यासारखी मोकळी जागा दिसली, तर ते नोझल बाद. एकूण प्रवाह बरोबर असूनही रेघ असू शकते, म्हणून नुसता आकडा पाहून पास करू नये.

ही रेघ इतकी वाईट का? नोझल स्वतः खराब होत नाही, त्याच्या पुढ्यातले जळते. दाट रेघेतले इंधन ज्वलनकक्षात न संपता जळत जळत पुढच्या वेनच्या, म्हणजे टर्बाइनच्या स्थिर पात्यांच्या, कड्यावर पोहोचते आणि त्या एका ठिकाणी धातू भाजून काढते. वैमानिकाला दिसते ते सरासरी तापमान. ते अगदी शहाण्यासारखे वागत असते.

आता पिनेबद्दल. एका कार्यशाळेत (नाव सांगण्याची गरज नाही) एका उत्साही माणसाने तोंडावर कार्बन साचलेली नोझले तारेने टोकरून साफ केली. भिंगाखाली पाहिले तर भोकाच्या कडेला केसासारखा ओरखडा होता. बाकावर लावले, तर त्या ओरखड्याच्या बरोबर खाली रेघ. संपूर्ण संच बदलावा लागला. स्टोव्हला पिन चालते, कारण तिथून वाफ निघते. इथे भोकाची धार हेच नोझल आहे. द्रावणात भिजवावे, अल्ट्रासॉनिक टाकीत ठेवावे, मऊ ब्रश वापरावा. त्याने निघाले नाही तर नोझल परत पाठवावे.

खाडीकाठ:

वीज केंद्रात काम केलेल्याची बाजूही ऐकावी. महाराष्ट्रात गॅस टर्बाइन म्हटले की उरणचे ६७२ मेगावॉटचे केंद्र आणि दाभोळ आठवते. दाभोळचा पहिला टप्पा १९९९ मध्ये नाफ्त्यावर सुरू झाला होता. नाफ्ता पातळ, चटकन उडणारा आणि वंगणाचा गुण जवळजवळ नसलेला. अशा यंत्रांना दुहेरी इंधनाची नोझले लागतात. मध्ये द्रव इंधन, त्याभोवती ॲटमायझिंग हवा आणि बाहेरच्या कड्यात वायूची भोके. वायूला थेंबांची भानगड नसल्यामुळे त्याची नोझले म्हणजे जवळपास मोजून पाडलेली भोकेच असतात. वायूची खरी कसरत नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्यासाठी तो आधीच हवेत मिसळण्यात आहे. तिथे ज्वाळा मागे सरकून नोझलवरच बसण्याचा धोका असतो, पण तो एका स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

स्पॅनरवाला यांच्या म्हणण्यात एक भर घालतो. विमानात सगळी नोझले एका सामाईक नळीवर असतात, त्यामुळे एक तुंबले की त्याचे इंधन कमी होते आणि बाकीच्यांच्या वाट्याला जास्त येते. आमच्या फ्रेम ९ईसारख्या यंत्रात १४ स्वतंत्र ज्वलन-डबे असतात आणि द्रव इंधन वाटायला गिअरचा फ्लो डिव्हायडर असतो. एकत्र जोडून फिरणाऱ्या गिअरच्या १४ जोड्या प्रत्येक डब्याला मोजून सारखेच इंधन देतात. (वर ड्युप्लेक्समध्ये आलेल्या झडपेचे नावही हेच आहे, यंत्र मात्र वेगळे.) इथे नोझल तुंबले तर त्याचे इंधन कमी होत नाही, त्याच्या नळीतला दाब चढतो. पॅनेलजवळ एक फिरवायची निवड-झडप आणि एकच दाबमापक असे. दर पाळीला झडप एकेक घर पुढे सरकवत १४ दाब वहीत उतरवायचे. तेरा आकडे जवळजवळ आणि एक उंच, की ते नोझल उघडायच्या यादीत. आकडा खाली असेल तर भोक झिजले आहे किंवा कुठे गळते आहे.

सर्वांत जास्त रात्री आमच्या कशाने गेल्या असतील तर त्या द्रव इंधनाच्या चेक व्हॉल्व्हने, म्हणजे इंधन एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेने. यंत्र महिनोन्‌महिने वायूवर चालते आणि नळीत उरलेले डिझेल तापून तिथेच कार्बन होते. मग वायूचा दाब पडतो, द्रव इंधनावर जायची वेळ येते आणि दोन-तीन डबे पेटतच नाहीत. एक्झॉस्टच्या तापमानांतला फरक, म्हणजे स्प्रेड, वाढतो आणि यंत्र ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते.

नव्या मुलांची एक हमखास चूक सांगतो. एक्झॉस्टच्या वर्तुळातले सात नंबरचे थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) थंड दाखवत असेल तर ती मुले त्याच्या बरोबर समोरचा डबा उघडायला धावतात. डब्यातून निघालेला वायू टर्बाइनमधून जाताना वळत जातो, त्यामुळे थंड ठिपका काही अंश सरकलेला असतो, आणि किती सरकला ते भारावर अवलंबून असते. तो कोन भाराप्रमाणे तक्त्यात पाहून मग डबा ठरवायचा असतो.

शिकाऊ_एएमई:

सर्वांचे आभार. थ्रीडी प्रिंट केलेल्या नोझलबद्दल खूप ऐकतो. तो वेगळा प्रकार मानायचा का?

तुषारकण:

प्रकार वेगळा नाही, बनवण्याची रीत वेगळी आहे. लीप या नव्या प्रवासी जेट इंजिनाच्या नोझलचे टोक पूर्वीच्या पद्धतीने सुमारे २० तुकडे जोडून करावे लागले असते. आता ते कोबाल्ट-क्रोमच्या भुकटीपासून लेझरने एकसंध बनते. कंपनीच्या म्हणण्यानुसार ते २५ टक्के हलके आणि पाचपट टिकाऊ आहे. आकासा एअरच्या ७३७ मॅक्स विमानांना लीप-१बी इंजिने आहेत, त्यामुळे ही नोझले आपल्याकडेही रोज उडतात. फायदा मुख्यतः आतल्या वळणदार वाटांचा आहे, कारण त्या ड्रिलने पाडताच येत नाहीत.

कार्बन मात्र छपाईला भीत नाही. जेट इंधनाला लागलेली आतली भिंत साधारण २०० अंश सेल्सिअसच्या वर गेली की इंधन हळूहळू डिंकासारखे जमू लागते. उड्डाणात वाहते इंधन भिंत थंड ठेवते. खरी वेळ इंजिन बंद केल्यानंतरची असते, कारण प्रवाह थांबतो आणि आजूबाजूच्या धातूतली उष्णता नोझलमध्ये शिरते. म्हणून इंजिन बंद करण्यापूर्वी आयडलवर काही मिनिटे थंड होऊ द्यायचे असते, आणि म्हणूनच नोझलच्या देठाभोवती स्थिर हवेचा पोकळ थर ठेवतात. लीपसाठी तर बंद इंजिनाच्या गाभ्यात ब्लीडच्या (एरवी इंजिनातून हवा बाहेर काढण्याच्या) वाटेने उलटी हवा सोडून नोझले थंड करणारी वेगळी यंत्रणाच आणावी लागली.

जुना_किरण:

एक दुरुस्ती सुचवतो. पहिल्या प्रतिसादात तुम्ही बहुतेक प्रकार वर्गमूळातून सुटण्यासाठी निघाले असे म्हटले आहे. आर्टूस्ट आणि व्हायपर पाहता मला वाटते की निम्मे प्रकार वर्गमूळापासून आणि निम्मे तुंबण्यापासून सुटण्यासाठी निघाले.

तुषारकण:

मान्य. स्पॅनरवाला आणि खाडीकाठ यांचे अनुभव वाचल्यावर तर तुंबण्याचा वाटा निम्म्याहून थोडा अधिकच धरावा लागेल.

शिकाऊ_एएमई:

आज आमच्या बाकावर पीटी६चा संच लागला होता. स्पॅनरवाला यांनी सांगितल्याप्रमाणे मी काळा पुठ्ठा मागे धरून पाहिले. सात नंबरच्या नोझलला घड्याळातल्या चारच्या दिशेला दाट रेघ होती, प्रवाहाचा आकडा मात्र मर्यादेत होता. ज्येष्ठांना दाखवले, त्यांनी ते बाद केले.

स्पॅनरवाला:

उत्तम. ते नोझल जिथे बसते त्या भोकातून बोरोस्कोप (आत पाहायची बारीक दुर्बीण) घालून समोरची वेन पाहिलीत का?

शिकाऊ_एएमई:

पाहिली. एका वेनच्या पुढच्या कडेवरचा थर उडून बोटाच्या पेराएवढा पट्टा उघडा पडला आहे, तडा दिसला नाही. फोटो नोंदीला जोडला आहे आणि पुढची तपासणी अलीकडे ओढली आहे.